नव्या देशाचा अणुवीज कार्यक्रम आणि बाहेरची मदत: अभ्यासगटासाठी पायरीपायरीने

मी तीस वर्षं नागपूरजवळच्या एका औष्णिक वीज केंद्रात शिफ्ट केली. रात्री अडीचला वीजनिर्मितीचा संच ट्रिप झाला, म्हणजे अचानक आपोआप बंद पडला, की कंट्रोल रूममधला फोन वाजायचा. पलीकडे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या अंबाझरीच्या भार प्रेषण केंद्रातला माणूस असायचा: "काय झालं, किती वेळ लागेल?" टर्बाइन कुठल्या देशातून आलं, कर्ज कुणी दिलं, करारावर सही कोणत्या मंत्र्याची, यातलं काहीही त्या घडीला कामाला येत नाही. फोन उचलणारा माणूस आपला लागतो, आणि त्याला त्या यंत्राची नस ठाऊक असावी लागते.

निवृत्तीनंतर धरमपेठेत दर रविवारी अभियांत्रिकीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांबरोबर बसतो. वर्षातून एकदा आम्ही एक अभिरूप परिषद भरवतो. एक गट अणुवीज सुरू करू पाहणाऱ्या देशाचा, एक आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचा म्हणजे आयएईएचा, दोन-तीन गट पुरवठादार देशांचे. पहिल्या गटाला आम्ही पाहुणा देश म्हणतो; तो मदत मागतो, बाकीचे ती देतात किंवा नाकारतात. तुमच्या कॉलेजात किंवा मोहल्ल्यातल्या अभ्यासिकेत हे करायचं असेल, तर सहा रविवार हाताशी ठेवा आणि खालच्या क्रमाने चला. क्रम मोडू नका. पहिल्या वर्षी आम्ही थेट "रशियाची अणुभट्टी चांगली की कोरियाची" इथून सुरुवात केली. दोन तास नुसती हमरीतुमरी झाली. त्या देशाला मुळात किती विजेची गरज आहे, हे कुणी उघडून पाहिलंच नव्हतं.

पायरी १: देश निवडा आणि तो कुठे उभा आहे ते ठरवा

काल्पनिक देश घेऊ नका. खरा घ्या: घाना, केनिया, श्रीलंका, फिलिपिन्स, उझबेकिस्तान, पोलंड. जवळचा हवा असेल तर बांगलादेश, कारण तिथे आपल्याच शेजारी सगळं घडताना दिसतं.

आयएईएने २००७ साली एक आराखडा प्रसिद्ध केला आणि पुढे तो सुधारला. त्यात नव्या देशाच्या वाटचालीचे तीन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्याअखेर देश "अणुवीज घ्यायची की नाही" हे समजून-उमजून ठरवण्याच्या स्थितीत येतो. दुसऱ्याच्या शेवटी तो निविदा काढण्याच्या किंवा कराराच्या तयारीत असतो. तिसऱ्याच्या शेवटी पहिला संच चालू करण्याच्या. सुरुवातीच्या विचारापासून वीज निघेपर्यंत साधारण १० ते १५ वर्षं धरतात. प्रत्यक्षात जास्तही लागतात. आपल्या कुडनकुलमचा सोव्हिएत संघाशी करार नोव्हेंबर १९८८चा, आणि पहिला संच ग्रीडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडला गेला ऑक्टोबर २०१३ मध्ये. मध्ये सोव्हिएत संघच उरला नाही.

प्रत्येक टप्प्यावर तपासायचे मुद्दे १९ आहेत: राष्ट्रीय भूमिका, सुरक्षितता, व्यवस्थापन, पैसा, कायदा, सेफगार्ड्स (अणुसामग्री शस्त्रांकडे वळत नाही ना, याची आंतरराष्ट्रीय तपासणी), नियामक चौकट, किरणोत्सारापासून संरक्षण, ग्रीड, मनुष्यबळ, लोकांचा सहभाग, जागा, पर्यावरण, आपत्काळाची तयारी, घातपातापासून संरक्षण, इंधनचक्र, किरणोत्सारी कचरा, देशी उद्योगांचा वाटा आणि खरेदी. मोठ्या कार्डशीटवर हे एकाखाली एक लिहा आणि भिंतीला लावा. समोर तीन रकाने आखा: "झालं", "चालू आहे", "हात लागलेला नाही". सहाही रविवार हा कागद भिंतीवरून काढायचा नाही.

पायरी २: आधी ग्रीड

ही पायरी मुलं नेहमी टाळायला बघतात, कारण यात राजकारण नाही, नुसती आकडेमोड आहे. माझ्या मते सगळा डाव इथेच ठरतो.

ढोबळ नियम असा, की एकटा संच ग्रीडच्या क्षमतेच्या सुमारे १० टक्क्यांहून मोठा नसावा. कारण सरळ आहे. संच कधी ना कधी ट्रिप होणारच. महाराष्ट्राची मागणी २५ हजार मेगावॉटच्या वर जाते आणि मागे सगळ्या देशाचं ग्रीड उभं आहे, म्हणून नागपूरजवळच्या कोराडीचा ६६० मेगावॉटचा एक संच बंद पडला तरी तुमच्या घरातला पंखासुद्धा मंदावत नाही. आता श्रीलंका घ्या. तिथली कमाल मागणी तीन हजार मेगावॉटच्या आत. तिथे हजार मेगावॉटची अणुभट्टी बसवली आणि ती अचानक थांबली, तर एका झटक्यात देशाची तिसरा हिस्सा वीज गेली. पाठोपाठ अख्खा देश अंधारात. शिवाय अणुभट्टी बंद झाली तरी तिच्या गाभ्यातली उष्णता निघत राहते, थंड करणारे पंप चालवायला वीज लागतेच. डिझेल जनरेटर त्यासाठीच असतात, पण मुळात बाहेरचं ग्रीड भरवशाचं हवं. फुकुशिमात मार्च २०११ला भूकंपाने बाहेरची वीज गेली आणि त्सुनामीने जनरेटर बुडवले. पुढचं सगळ्यांना ठाऊक आहे.

तेव्हा तुमच्या देशाची कमाल मागणी काढा, आणि त्याहून महत्त्वाची, किमान मागणी काढा. बांगलादेशात उन्हाळ्यातल्या संध्याकाळी आणि थंडीतल्या रात्री मागणीत मोठी तफावत असते, आणि तिथल्या अणुकेंद्राचा १२०० मेगावॉटचा संच त्या थंडीच्या रात्रीही चालायचा असतो. शेजारी देशांशी जोडणी आहे का ते बघा. नसेल तर मदतीच्या मागणीपत्रातली पहिली ओळ अणुभट्टीची नसेल, पारेषण वाहिन्यांची असेल. छोट्या अणुभट्ट्यांची चर्चा लहान देशांत इतक्या जोराने चालते तीही याच गणितामुळे.

पायरी ३: कागदपत्रं

यावर अर्धा रविवार पुरे. अण्वस्त्रप्रसारबंदी करारावर सही आहे का? आयएईएशी सर्वंकष सेफगार्ड्स करार आणि निरीक्षकांना जास्त मुभा देणारा, १९९७च्या नमुन्याचा पूरक करार आहे का? त्याशिवाय निरीक्षक येत नाहीत, आणि निरीक्षक नाहीत तर बहुतेक पुरवठादार दार उघडत नाहीत. मग चेर्नोबिलनंतर १९८६ साली झालेले दोन करार, अपघाताची तातडीची सूचना आणि परस्परांना मदत. १९९४चा अणुसुरक्षा करार. वापरलेल्या इंधनाचा १९९७चा. आणि अपघात झालाच तर नुकसानभरपाई कुणी, किती द्यायची याचा दायित्वाचा करार. शेवटच्यावर पुरवठादार सगळ्यात जास्त अडून बसतात. अमेरिकेकडून काही घ्यायचं असेल तर तिच्या १९५४च्या अणुऊर्जा कायद्यातल्या कलम १२३ खालचा करार वेगळा लागतो. "१२३ करार" हे नाव आपल्याकडे २००७-०८च्या वादात घराघरांत पोचलं, ते याच कलमावरून.

पायरी ४: देशाच्या आत तीन घरं बांधा

एक, सरकारमधली समन्वय यंत्रणा, जी सगळ्या खात्यांना एका टेबलाशी बसवते. दोन, नियामक: परवाना देणारा, तपासणारा, आणि गरज पडली तर "बंद करा" म्हणणारा. तीन, मालक-चालक कंपनी. ही तीन एकाच छपराखाली नकोत. नियामक जर वीजमंत्र्याच्याच हाताखाली असेल तर तो संच बंद करायला कसा सांगेल? बऱ्याच नव्या देशांत नियामक म्हणजे दवाखान्यांतली एक्स-रे यंत्रं आणि कॅन्सरच्या उपचारांची उपकरणं तपासणारं एक छोटं कार्यालय असतं. तिथून अणुभट्टीला परवाना देण्यापर्यंतचा पल्ला फार लांबचा आहे, आणि आयएईएच्या मदतीचा मोठा भाग इथे खर्ची पडायला हवा.

संयुक्त अरब अमिरातीचं उदाहरण इथे नीट उलगडून सांगा. एप्रिल २००८ मध्ये त्यांनी धोरणपत्रिका काढली. युरेनियमचं समृद्धीकरण आणि वापरलेल्या इंधनाचं पुनर्प्रक्रियण, म्हणजे ज्यांतून बॉम्बचा मालही निघू शकतो अशी दोन कामं, देशात करणार नाही, असं स्वतःहून लिहून दिलं, आणि अमेरिकेशी २००९ साली १२३ करार केला. त्याच वर्षी कायदा करून स्वतंत्र नियामक उभारला. त्याच्या प्रमुखपदी अमेरिकेच्या अणुनियामक आयोगात वरिष्ठ पदावर राहिलेले विल्यम ट्रॅव्हर्स यांना आणलं. आयएईएचे माजी महासंचालक हान्स ब्लिक्स यांच्या अध्यक्षतेखाली आंतरराष्ट्रीय सल्लागार मंडळ नेमलं. डिसेंबर २००९ मध्ये कोरियाच्या कंपनीला बराकाच्या चार अणुभट्ट्यांचं काम दिलं. २०१२ला बांधकाम, ऑगस्ट २०२०ला पहिला संच ग्रीडवर, २०२४ला चौथा. एकूण ५६०० मेगावॉट, देशाची सुमारे चौथा हिस्सा वीज.

"पैसा होता म्हणून जमलं," असं एखादं पोर म्हणेलच. ते अर्धं खरं आहे. उरलेलं अर्धं असं, की नियामक आणि कायदा आधी उभे राहिले आणि कंत्राट त्यांच्यानंतर झालं. माणसं बाहेरून आणली, पण खुर्ची देशाची होती.

पायरी ५: आयएईएला बोलवा

एक गैरसमज मुळातच काढून टाका: आयएईए अणुभट्टी विकत नाही, बांधत नाही, त्यासाठी कर्जही देत नाही. व्हिएन्नाची ही संस्था १९५७ साली अस्तित्वात आली. आयझेनहॉवर यांनी ८ डिसेंबर १९५३ला संयुक्त राष्ट्रांत शांततेसाठी अणू ही कल्पना मांडली, त्यातून. शांततामय वापरावरची जिनिव्हाची १९५५ची परिषद होमी भाभांच्या अध्यक्षतेखाली झाली, हे आपल्या मुलांना जरूर सांगा. संस्था देते ते प्रशिक्षण, तज्ज्ञ, निकष आणि तपासणी.

नव्या देशासाठीच्या पायाभूत तयारीच्या तपासणी मोहिमा २००९ पासून होतात. देशाने विनंती केल्याशिवाय त्या येत नाहीत. आधी देशाने वरच्या १९ मुद्द्यांवर स्वतःचं मूल्यमापन लिहून द्यायचं, मग तज्ज्ञांचा चमू येऊन पडताळतो आणि शिफारशी देतो. अहवाल सहसा पुढे संस्थेच्या संकेतस्थळावर येतो. केनिया, नायजेरिया, घाना, फिलिपिन्स, श्रीलंका, सगळ्यांकडे हे चमू जाऊन आलेत.

परिषदेत हे असं करा. पाहुण्या देशाच्या गटाने चार पानांचं स्वमूल्यमापन लिहायचं, आयएईएच्या गटाने त्यातली पोकळ वाक्यं शोधायची. "मनुष्यबळ विकासाकडे लक्ष दिले जात आहे" असं वाक्य दिसलं की विचारायचं: किती लोक, कुठे शिकतायत, कधी परत येणार? आमच्याकडे या फेरीत एका मुलीने घानाच्या गटाला बारा प्रश्न लिहून दिले. त्यातल्या सातांना उत्तर मिळालं नाही, आणि पुढच्या रविवारी तोच गट सगळ्यात तयारीने आला.

पायरी ६: पुरवठादार आणि पैसा

पुरवठादारांच्या गटांना आता तोंड उघडू द्या. तीन नमुने फळ्यावर मांडा.

बांगलादेशचं रूपपूर: पाबना जिल्हा, पद्मेच्या काठी, रशियन बनावटीचे १२०० मेगावॉटचे दोन संच. खर्च साधारण १२.६५ अब्ज डॉलर, त्यातले सुमारे ९० टक्के रशियाचं कर्ज. मालकी बांगलादेशची. नोव्हेंबर २०१७ मध्ये पहिल्या संचाचं काँक्रीट पडलं. मार्च २०१८ मध्ये भारत, रशिया आणि बांगलादेश यांचा त्रिपक्षीय सामंजस्य करार झाला आणि त्यातून आपलाही हात लागला.

तुर्कस्तानचं अक्कुयू: मे २०१०चा करार, ४८०० मेगावॉट. इथे रशियन कंपनी स्वतःच बांधते, स्वतःच मालक, स्वतःच चालवते. तुर्कस्तानने ठरावीक हिश्शाची वीज १५ वर्षं युनिटमागे १२.३५ सेंटने घ्यायची. कर्जाचा बोजा नाही, पण यंत्राची चावीही आपल्याकडे नाही.

तिसरा बराका, जिथे खरेदीदाराकडे स्वतःचा पैसा होता आणि कोरियन कंपनीला भागीदारही करून घेतलं.

मुलांना विचारा, तुमच्या देशाला कोणता झेपेल? आणि मग फिलिपिन्सच्या बतानची गोष्ट सांगा. ६२१ मेगावॉटचं केंद्र, १९७६ला बांधकाम सुरू, ऐंशीच्या दशकाच्या मध्याला जवळपास तयार, खर्च दोन अब्ज डॉलरच्या वर. १९८६ला राष्ट्राध्यक्ष मार्कोस यांची सत्ता गेली, त्याच वर्षी चेर्नोबिल झालं, आणि त्या भट्टीत इंधन कधी पडलंच नाही. एक युनिट वीज न देणाऱ्या केंद्राचं कर्ज तो देश २००७ पर्यंत फेडत होता. कुण्या एका सरकारच्या हट्टावर उभा राहिलेला कार्यक्रम सरकारबरोबरच जातो. म्हणून भिंतीवरच्या कागदावर "राष्ट्रीय भूमिका" हा पहिला मुद्दा आहे, आणि त्यात विरोधी पक्ष काय म्हणतो तेही लिहायचं असतं.

जागतिक बँकेने अणुऊर्जेसाठी एकमेव कर्ज १९५९ साली इटलीला दिलं होतं. जून २०२५ मध्ये तिने अणुऊर्जेवरची बंदी उठवायचं ठरवलं आणि आयएईएशी करार केला. आफ्रिकेतला देश घेतलेल्या गटाने हा मुद्दा मागणीपत्रात घ्यावाच.

पायरी ७: इंधन

या रविवारी मी खिशातून खडू काढतो आणि बोटाच्या पेराएवढा, सेंटिमीटरभराचा तुकडा मोडून टेबलावर ठेवतो. युरेनियम ऑक्साइडची इंधनगोळी एवढीच असते, वजन जेमतेम सहा-सात ग्रॅम. एका गोळीची ऊर्जा जवळपास टनभर कोळशाची. अशा गोळ्या लांब नळ्यांत एकावर एक भरतात, नळ्यांचे जुडगे करतात. रूपपूरच्या एका संचात असे १६३ जुडगे. हजार मेगावॉटच्या अणुभट्टीला वर्षाला साधारण २७ टन ताजं इंधन पुरतं. कोळशाच्या एका मालगाडीत ५८-५९ वाघिणी आणि चार हजार टनांच्या आसपास कोळसा येतो, आणि आमच्या केंद्रात तशा गाड्या रोज लागायच्या. पावसाळ्यात ओला कोळसा वाघिणीतून उतरत नाही म्हणून रात्र रात्र जागलेल्या माणसाला हा खडूचा तुकडा काय वाटतो, ते मुलांना माझ्या चेहऱ्यावर दिसत असावं.

पण या तुकड्याची दुसरी बाजू महाराष्ट्रातच पाहा. तारापूर १९६९ साली सुरू झालं, अमेरिकी कंपनीने उभारलेलं. १९६३च्या करारानुसार समृद्ध युरेनियम अमेरिकेने तीस वर्षं द्यायचं होतं. १९७४ला पोखरणचा स्फोट झाला, १९७८ला अमेरिकेने नवा कायदा केला आणि पुरवठा अडला. १९८२ला फ्रान्स पुढे आला, पुढे चीन आणि रशियाकडूनही इंधन घ्यावं लागलं. राजस्थानात रावतभाट्याला कॅनडाने दुसरा संच अर्धवट सोडला. आपल्या लोकांनी तो १९८१ला स्वतः पुरा केला. तारापूरला आपल्याला दुसऱ्याचं दार वाजवावं लागलं, रावतभाट्याला काम पुढे गेलं. फरक एवढाच की तिथे काम समजलेली माणसं होती. सप्टेंबर २००८ मध्ये अणुसामग्रीच्या निर्यातीचे नियम ठरवणाऱ्या देशांच्या अणुपुरवठादार गटाने भारताला सूट दिली, तेव्हा कुठे बाहेरच्या बाजाराची दारं पुन्हा उघडली.

नव्या देशासाठी आज एक आधार आहे. कझाकस्तानात ओस्केमेनला आयएईएची कमी समृद्ध युरेनियमची बँक आहे, ९० टनांपर्यंतची. राजकीय कारणाने पुरवठा तुटलेल्या सदस्य देशाला तिथून युरेनियम विकत घेता येतं. तरी इंधनाच्या करारात दोन प्रश्न सोडू नका: दुसरा पुरवठादार कोण, आणि वापरलेलं इंधन कुठे जाणार? रशियाने रूपपूरचं वापरलेलं इंधन परत न्यायचं मान्य केलं आहे. तुमच्या करारात तसं कलम नसेल तर साठवणुकीची जागा, खर्च आणि जबाबदार संस्था लिहून घ्या. तुमच्या देशात युरेनियम असेल तर तेही धागे बघा. अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं कार्यालय आपल्या नागपुरातच आहे, शोध आणि खाण यांतलं अंतर तिथल्या निवृत्त भूवैज्ञानिकाइतकं कुणी चांगलं सांगणार नाही. ओळख काढा आणि बोलवा.

पायरी ८: माणसं आणि आपत्काळ

माणसांचं कोष्टक करा: ऑपरेटर, नियामकाचा निरीक्षक, किरणोत्सार मोजणारा, वेल्डर. वेल्डर विसरू नका. भारत इथे खरी मदत करू शकतो आणि करतोही: बांगलादेशच्या लोकांना कुडनकुलमला प्रशिक्षण मिळालं आहे, आणि हरियाणात बहादूरगडजवळ जागतिक अणुऊर्जा भागीदारी केंद्र आहे. भारताचा गट असेल तर त्याने हेच देऊ करावं.

आपत्काळासाठी नागपूरचा नकाशा पसरा. शहराच्या मध्यावरच्या झिरो माइलच्या खांबावर कंपासचं टोक ठेवा आणि १६ किलोमीटरचं वर्तुळ काढा. भारतात अणुकेंद्राभोवतीचं आपत्कालीन नियोजन एवढ्या टापूत करायची पद्धत आहे. कोराडी आत येते, वाडी येते, विमानतळ येतो, कामठी काठावर. आता विचारा: एवढ्या लोकांना "घरातच थांबा, खिडक्या लावा" हे तासाभरात कोण, कोणत्या भाषेत सांगणार? किरणोत्सारी आयोडीनपासून थायरॉइड वाचवणाऱ्या आयोडीनच्या गोळ्या कुठे ठेवल्यात? मग तेच वर्तुळ तुमच्या देशाच्या जागेवर ठेवा. नागरी संरक्षणाचं राष्ट्रीय महाविद्यालय १९५७ साली याच शहरात उभं राहिलं आणि एनडीआरएफची, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची, अकादमीही इथेच आहे, त्यामुळे हा विषय शिकवलेली माणसं शहरात सापडतात.

पायरी ९: परिषदेचा दिवस

पाहुण्या देशाला वीस मिनिटं, आयएईएच्या गटाला तपासणीसाठी तीस, प्रत्येक पुरवठादाराला दहा. मग तासभर वाटाघाटी, आणि एक पानाचा मसुदा. भाषा मराठीच ठेवा. सेफगार्ड्स, ग्रीड, रिअॅक्टर हे शब्द जसे रुळलेत तसे वापरा, पण वाक्य मराठीत पुरं करता आलं पाहिजे, कारण तिथेच कळतं की विषय समजला आहे की पाठ केला आहे.

मसुद्यावर सह्या होण्याआधी पाहुण्या देशाच्या गटासमोर एक कोरा कागद ठेवा. वर लिहा: पहिला संच चालू होऊन दहा वर्षं झाली आहेत, पुरवठादाराचे अभियंते आपल्या देशी परतले आहेत, रात्रीचे अडीच वाजले आहेत, संच ट्रिप झाला आहे. खाली चार ओळी: फोन कोण उचलतो, पुन्हा सुरू करायला हरकत नाही हे कोण ठरवतं, "नाही" म्हणायचा अधिकार कुणाला आहे, सुटा भाग कुठून येतो. प्रत्येक ओळीपुढे पद लिहायचं, आणि त्या पदावरचा माणूस कुठे शिकला तेही. जी ओळ भरता येत नाही ती रिकामीच ठेवू द्या आणि तो कागद तसाच मदतीच्या मागणीपत्राला जोडा.